चार वाजताचा शब्द

ऐकणे आणि टिपून घेणे या दोन क्रिया बाहेरून पाहणाऱ्याला एकसारख्याच दिसतात. दोहोंत मान किंचित झुकलेली असते, दोहोंत समोरचा बोलत असतो आणि आपण गप्प असतो. परंतु टिपणाऱ्याचे लक्ष वाक्याकडे असते, आणि ऐकणाऱ्याचे ते वाक्य बोलणाऱ्या माणसाकडे. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द निष्ठेने टिपले, त्याने त्या माणसांना ऐकलेही होते का, हा प्रश्न त्याला दुसऱ्या कोणी विचारणे उचित नव्हे. तो त्याचा त्यालाच पडावा लागतो. माधवराव आठल्यांना तो वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी पडला, आणि निमित्त झाला तो दोन अक्षरांचा एक शब्द.

माधवराव गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत. सकाळच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले होते. पण त्यांचे खरे काम शाळेचे नव्हते. दादरच्या एका कोशमंडळासाठी ते एकेचाळीस वर्षे बोलीतले शब्द जमवीत होते. या कामाची त्यांची एक रीत होती. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या पाठी ते चिठ्ठ्यांसाठी वापरीत. चिठ्ठीवर डोक्याशी शब्द, मग अर्थ, मग कोणाच्या तरी तोंडचे जसेच्या तसे वाक्य. खाली डावीकडे तारीख आणि उजवीकडे बोलणाऱ्याचे नाव. भाजीवाला, टपालवाला, परळच्या गिरणीतून सुटून आलेला कामगार, वाडीतला सुतार, सगळ्यांची नावे त्या कोपऱ्यात होती. फक्त पत्नीचे वाक्य असले की माधवराव तिथे नाव लिहीत नसत. बायकोचे नाव मंडळाच्या कागदावर जावे हे त्यांच्या वळणात बसत नव्हते. तिथे ते लिहीत, ‘घरून’. अशा चिठ्ठ्यांनी भरलेली बुटांची त्रेपन्न खोकी भिंतीशी हारीने रचलेली असत, आणि त्यांच्यापुढे एक टेबल.

फाल्गुनात नलूताईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. महिनाभराने वाचेचा एक तुकडा परत आला, तो ‘लाव’ एवढाच. दुसरा शब्द नाही, दुसरे अक्षर नाही.

लेक अनुजा ठाण्याहून आली. तिने टेबल काढायला लावले, खोकी माळ्यावर चढवली आणि त्या जागी आईसाठी उंच पलंग आणला. “बाबा, चाकाची खुर्ची फिरायला जागा नको का? आणि आता आईकडे बघायचं की चिठ्ठ्यांकडे?” माधवरावांना ते पटले. त्यांनी कोशमंडळाला पत्र लिहिले की माझ्याने यापुढे काम होणार नाही, खोकी कोणी येऊन घेऊन जावीत. पत्र टाकून आले तेव्हा त्यांना आपण काही त्याग केल्यासारखे वाटले होते, आणि त्यात थोडे समाधानही होते.

पहिले काही दिवस तर त्यांना, बोलून दाखवण्याजोगे नसले तरी, एक प्रकारचे नवल वाटत होते. ज्या शब्दाचे अडुसष्ट अर्थ त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते, तोच पत्नीजवळ उरावा! सकाळी नलूताई छताकडे पाहून “लाव” म्हणत, की पंखा. न्हाणे झाले की कपाळाशी बोट नेऊन “लाव”, की कुंकू. अकरा वाजता स्वयंपाकघराकडे मान वळवून तोच शब्द आला की कुकरची वेळ झाली. गॅलरीतून उन्हाची तिरीप आली की दार. गुडघा चोळला की बाम. अनुजाचा फोटो पाहिला की फोन. माधवराव बरोबर ओळखीत आणि मनात चिठ्ठीमागून चिठ्ठी उलटीत.

“पन्नास वर्षं अहो-जाहो,” मागच्या वाडीतला सिल्वेस्टर पलंगाशी खुर्ची ओढून म्हणाला, “आणि आता सरळ ‘लाव’! वहिनी, शाबास. हे आधीच करायला पायजे होतं.”

नलूताई डाव्या ओठाने हसल्या. सिल्वेस्टर आणि माधवराव एकाच वयाचे, लहानपणी एकाच पटांगणात गोट्या खेळलेले. सिल्वेस्टर जहाजाच्या कंपनीत कारकून होता. त्याची बायको जेन वाडीत बालवर्ग चालवी. ती आणि नलूताई जिवाभावाच्या मैत्रिणी. जेन जाऊन पंधरा वर्षे होऊन गेली तरी सिल्वेस्टर रोज संध्याकाळी वहिनींना भेटायला जिना चढून येई.

सगळे अर्थ लागत होते, एक सोडून. दुपारचा चहा झाला, भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले, की नलूताई उशीवरून मान उचलीत, माधवरावांकडे पाहत आणि म्हणत, “लाव.” मग पलंगापलीकडच्या मोकळ्या भिंतीकडे पाहून पुन्हा, “लाव.”

माधवरावांनी पंखा लावला. दार लावले, उघडले, पुन्हा लावले. रेडिओ लावला, समई लावली. भिंत ओकीबोकी दिसते म्हणून तिथे खिळा ठोकून कॅलेंडर लावले. अनुजाला फोन लावला; तिने तिकडून “आई, काय ग?” म्हटले, आणि आईने तो हाताने दूर केला. दर खेपेला नलूताई मान हलवीत. मग डोळे मिटून तोंड भिंतीकडे फिरवीत, आणि संध्याकाळपर्यंत त्या तोंडून काही येत नसे.

वाचेचे व्यायाम घ्यायला आठवड्यातून दोनदा पूर्वी नावाची मुलगी येई. वयाने लहान, पण कामात पक्की. तिने हे चार वाजताचे प्रकरण दोनदा डोळ्यांनी पाहिले आणि जाताना माधवरावांना जिन्यापर्यंत बोलावले.

“काका, एक सांगू? रागावू नका.”

“बोल.”

“गेल्या आठवड्यापेक्षा काकू कमी बोलतायत. मी वहीत मांडलंय. सकाळीसुद्धा कमी. माणसाला उत्तर मिळेनासं झालं ना, की ते विचारायचं सोडतं. एकच शब्द आहे त्यांच्याकडे. तो सोडला तर परत आणणं फार कठीण.”

“पण मला कळत नाही गं काय हवंय ते. मी सगळं करून पाहिलं.”

“चारची गोष्ट त्यांच्यासाठी महत्त्वाची दिसते. तेवढी शोधा,” ती म्हणाली आणि चपला घालून खाली उतरली.

माधवराव आत वळले. अडुसष्ट अर्थ ठाऊक असलेल्या माणसाच्या घरात तो शब्द उत्तरावाचून मरणार होता.

त्याच सकाळी कोशमंडळातून पुष्कर नावाच्या तरुणाचा फोन येऊन गेला होता. शनिवारी पाच वाजता तो टेम्पो घेऊन खोकी न्यायला येणार होता. म्हणजे हातात तीन दिवस होते. माधवरावांनी सिल्वेस्टरला बोलावले, त्याला स्टूल धरायला लावले आणि माळ्यावरून ‘ल’चे खोके खाली काढले.

“आता हे कशाला?” सिल्वेस्टर धूळ झटकीत म्हणाला.

“यात कुठेतरी असेल. तिचा चारचा अर्थ. मी लिहिलेला असणार आणि मला आठवत नसणार.”

नलूताईंचा डोळा लागला होता. दोघे म्हातारे गॅलरीत बसले, आणि माधवराव एकेक चिठ्ठी वाचू लागले. पहिली बारा जून एकोणीसशे पंच्याऐंशीची होती. ‘विरजण लावलंय, भांडं हलवू नका.’ घरून. मग, ‘तळमजल्याच्या बाईंनी काडी लावली आणि आपण नामानिराळ्या राहिल्या.’ घरून. ‘तुम्ही दादरला फुलं आणायला गेलात की दिवस लावता.’ घरून. ‘आत्याबाईंनी लग्नातच नाट लावला होता.’ सिल्वेस्टर खो खो हसला. “परळच्या आत्या! पेढा कडू आहे म्हणून उठून गेल्या होत्या, आठवतं?” पुढची चिठ्ठी त्याने स्वतःच उचलली, आणि त्याचे हसू जरा थांबले. ‘जेनने अनुजाला असा लळा लावलाय की पोर घरी यायला मागत नाही.’ चिठ्ठीच्या पाठीवर कोणाच्या तरी लग्नाचा अर्धा मुहूर्त छापलेला होता. सिल्वेस्टरने ती उलटसुलट केली आणि हळूच परत ठेवली.

चिठ्ठ्या संपता संपत नव्हत्या. एकेक वाक्य काढले की त्यामागून तो दिवस निघे. ओट्यावरचा स्टोव्ह, गॅलरीत ओळीने वाळणाऱ्या चाळीतल्या पोरांच्या गणवेशाच्या चड्ड्या, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीची घरघर. नलूताईंचा आवाज ज्या घरात आता एका शब्दापुरता उरला होता, तो या खोक्यात तरुण होता, भांडत होता, चेष्टा करीत होता. एका चिठ्ठीवर होते, ‘माझ्या बोलण्याचा तुम्ही भलताच अर्थ लावता.’ माधवरावांनी ती वाचली आणि चष्मा पुसला.

“मला एक सांग,” सिल्वेस्टर म्हणाला. “ही बघ. ‘गॅलरीत एखादं अनंताचं रोप लावू या का?’ तीन मार्च एक्याण्णव. मग लावलंस?”

“नाही.”

“का?”

माधवरावांना आठवेना. मग आठवले. नलूताई हे बोलल्या तेव्हा ते टेबलाशी होते. ‘लावणे’चा ‘रोपणे’ हा अर्थ त्यांना साध्या, बोलत्या वाक्यात हवाच होता. त्यांनी आनंदाने चिठ्ठी घेतली, वाक्य लिहिले, वाळू दिले. त्या दारात काही वेळ उभ्या होत्या. मग आत गेल्या.

“लिहून घेतलं,” ते म्हणाले.

“लिहून घेतलंस,” सिल्वेस्टर म्हणाला. “अरे गाढवा, ती तुला विचारत होती.”

दुसऱ्या दिवशी सिल्वेस्टर धापा टाकीत जिना चढून आला तो तेलाचा डबा घेऊन. डब्यात हातभर उंचीचा अनंत होता. “जेनच्या झाडाची फांदी. पावसाळ्यात रुजवली होती.” पावणेचारला त्यांनी तो नलूताईंच्या उशाशी ठेवला. नलूताईंनी पान चिमटीत धरले, नाकाशी नेले, आणि जेनचे झाड त्यांनी ओळखले, हे चेहऱ्यावर उमटले. डोळे भरून आले. माधवरावांनी सिल्वेस्टरकडे पाहिले. सापडले होते.

घड्याळात चार वाजले. नलूताईंनी पान सोडले, मान उचलली, माधवरावांकडे पाहिले.

“लाव.”

त्यांनी त्या कॅलेंडरच्या भिंतीकडे एकदा पाहिले आणि डोळे मिटून घेतले.

शुक्रवारी चार वाजले तेव्हा त्या बोलल्याच नाहीत. माधवराव समोर बसून राहिले. घड्याळाचा काटा पुढे गेला. शनिवारी सकाळी पंख्यासाठीही शब्द आला नाही. नलूताईंनी नुसते बोट वर केले. माधवरावांनी पंखा लावला.

पाचला टेम्पो येणार होता. साडेतीनला शेजारच्या दीपकने माळ्यावरची बावन्न खोकी खाली आणून दारात रचून दिली. राहिले ‘ल’चे. त्यातल्या चिठ्ठ्या तीन दिवसांच्या वाचनात पार विस्कटल्या होत्या, आणि विस्कटलेले खोके मंडळाच्या स्वाधीन करणे माधवरावांच्याने होणारे नव्हते. पण लावायच्या कुठे? टेबल राहिले नव्हते. जेवणासाठी पलंगाला आडवी बसवायची एक फळी होती. ती त्यांनी नलूताईंच्या पुढ्यात बसवली, “नलू, जरा इथे ठेवतो हं,” म्हणाले आणि खोके तिथे पालथे केले. लग्नपत्रिकांच्या त्या तुकड्यांचा ढीग फळीभर पसरला.

ते एकेक उचलू लागले. ‘लाट’ सापडली, ‘लाडू’ सापडला, दोन चिठ्ठ्या निसटून चादरीवर पडल्या. माधवराव त्या उचलायला वाकले. वर पाहतात तो नलूताईंचा डावा हात ढिगात होता.

त्यांनी एक चिठ्ठी ओढली. डोळ्यांपुढे धरली. मग ती फळीच्या डाव्या कडेला ठेवून बोटाने तिची कड सरळ केली. दुसरी ओढली, पाहिली, आणि पहिलीच्या खाली सरकवली. तिसरी बराच वेळ हातात राहिली. तिला पुष्कळ विचार करून त्यांनी उजवीकडे जागा दिली. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांत नव्हती ती शांती होती, हात टेकायला जागा सापडलेल्या माणसाची.

माधवराव चादरीशी तसेच वाकलेले राहिले. भिंतीवर चार वाजले.

मग त्यांना आवाज ऐकू आला, आणि तो नलूताईंचा नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता. एकेचाळीस वर्षे, रोज, दुपारचा चहा झाला की ते दिवसभराच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावरून पुढे सरकवीत आणि चष्मा कपाळावर चढवीत म्हणत, “नलू, लाव.” नलूताई पदराला हात पुसून समोर येऊन बसत. चिठ्ठ्या अक्षरांच्या अनुक्रमाने लावून त्या-त्या खोक्यात घालण्याचे काम त्यांचे होते. त्या कामाला घरात दुसरे नाव नव्हते. कधी माधवराव चुकलेल्या चिठ्ठीवरून बोलत, कधी त्या एखादे वाक्य वाचून दाखवीत आणि हसत. पाच वाजता उठत. अनुजाच्या परीक्षा त्या टेबलाशी झाल्या, जेनच्या जाण्याची बातमी त्या टेबलाशी आली, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता तिथेच बसून नलूताईंनी रडत रडत चिठ्ठ्या लावल्या होत्या.

ही एक चिठ्ठी खोक्यात नव्हती. जगाचे बोलणे टिपणाऱ्या माणसाने स्वतःचे बोलणे कधी टिपले नव्हते. आणि नलूताई चार वाजता काही मागत नव्हत्या; माधवराव बोलायचे विसरले होते म्हणून त्यांच्या वतीने त्याच बोलत होत्या. जिथे टेबल होते त्या भिंतीकडे पाहून.

माधवरावांनी चादरीवरच्या दोन चिठ्ठ्या उचलून फळीवर ठेवल्या. खुर्ची ओढून समोर बसले. चष्मा कपाळावर चढवला.

“नलू,” ते म्हणाले, “लाव.”

नलूताईंनी वर पाहिले. “लाव,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा खाली पाहून कामाला लागल्या.

पाचच्या सुमारास पुष्कर आला. मागून सिल्वेस्टर होता. दारात रचलेल्या खोक्यांना वळसा घालून दोघे आत आले आणि पलंगापाशी थबकले. फळीवर चिठ्ठ्यांच्या पाच-सहा रांगा झाल्या होत्या.

“सर,” पुष्कर हळू आवाजात म्हणाला, “टेम्पो खाली उभा आहे. घेऊ ना?”

“टेम्पो परत पाठव बाबा.”

“पण तुम्ही पत्रात लिहिलं होतं...”

“लिहिलं होतं. ज्या माणसाला विचारायला हवं होतं, त्यालाच मी विचारलं नव्हतं.”

पुष्कर थोडा गोंधळला. चिठ्ठ्यांची छायाचित्रे काढून ठेवणे एवढेच मंडळाला हवे होते. ते इथे बसूनही करता येईल, आठवड्याला एक खोके, असे त्यानेच मग सुचवले. “मी फोननेच काढीन. काकूंचं एकेक झालं की.” बोलता बोलता तो फळीवर वाकला, आणि सवयीने त्याचे बोट पुढे झाले. “सर, पण हे... ‘लाज’ इथे ‘लावणे’च्या नंतर गेलंय.”

चाळीस वर्षांत अशा एका चुकीवरून त्या घरात किती बोलणे झाले होते, ते सिल्वेस्टरला पुरते ठाऊक होते. त्याने माधवरावांकडे पाहिले.

“असू दे,” माधवराव म्हणाले.

“पण अनुक्रम...”

“तिने लावलंय ना? असू दे.”

“ऐक त्याचं,” सिल्वेस्टर पुष्करच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. “एवढ्या वर्षांत पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलला.”

पुष्कर टेम्पोवाल्याला सांगायला खाली गेला. सिल्वेस्टर अनंताच्या डब्यात पेलाभर पाणी घालून तो गॅलरीत उन्हाला ठेवून आला. माधवरावांनी कपाटातून एक कोरी चिठ्ठी काढली. तिच्या पाठीवर कोणा नूपुरच्या लग्नाचे स्थळ छापलेले होते. डोक्याशी त्यांनी ‘लावणे’ लिहिले, मग अर्थ, ‘अनुक्रमाने मांडणे, जागच्या जागी ठेवणे’. वाक्य दोनच शब्दांचे होते. तारीख घातली. उजव्या कोपऱ्याशी लेखणी थांबली. बोलणारा तर ते स्वतःच होते, पण ते नाव तिथे लिहिण्यात काही अर्थ नव्हता. थोडा विचार करून त्यांनी त्या कोपऱ्यात आजवर कधी न लिहिलेला एक शब्द लिहिला, ‘लावणारी’, आणि त्यापुढे ठसठशीत अक्षरांत पूर्ण नाव, ‘सौ. नलिनी माधव आठल्ये, गिरगाव.’

चिठ्ठी त्यांनी नलूताईंच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली की नाही, हे कळायला मार्ग नाही. बोट नावावर थोडे रेंगाळले, एवढे मात्र सिल्वेस्टरनेही पाहिले. मग त्यांनी ती चिठ्ठी सगळ्या रांगांच्या आधी, डावीकडे, पहिल्या जागी ठेवली आणि तिची कड सरळ केली.

त्या घरात दुपारचे चार रोज वाजोत, आणि हाक देणाऱ्याला आणि हाकेला उठणाऱ्या हाताला पुष्कळ आयुष्य लाभो. जेनच्या अनंताला त्या गॅलरीत फूल येवो. आणि ज्या कोणा घरी बोलणे एका शब्दापुरते उरले असेल, तिथे समोर बसून ते ऐकणारे कोणी असो.